गॅस कोणता भरायचा?

किनाऱ्यावर आलेल्या बोंबलाला दोनच वाटा असतात, बर्फ नाहीतर ऊन. त्याच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, त्यामुळे पापलेट किंवा घोळ जितका वेळ तग धरतात तितका तो धरत नाही. वरोर, वाढवण, चिंचणी, धाकटी डहाणू या पट्ट्यात डोल जाळ्यांची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्या हिशेबात बर्फाचा खर्च डिझेलच्या खर्चाइतकाच नेमाने येतो. ऊन फुकट मिळते, पण ऐन वाळवणीत ढग भरून आले की दोऱ्यांवर टांगलेला माल हातचा जातो. अवकाळी पावसाने सुकी मासळी खराब झाल्याच्या बातम्या पालघर जिल्ह्यातून आता दरसाल येऊ लागल्या आहेत.

बर्फ करायचा तर पाण्यातली उष्णता काढून बाहेर टाकावी लागते. मासळी वाळवायची तर उष्णता कुठून तरी आणून तिला द्यावी लागते. दोन्ही कामे करणारे यंत्र एकच आहे आणि त्याच्या नळ्यांतून फिरणारा वायू कोणता असावा, यावर जगभर गेली पन्नास वर्षे वाद चालू आहे. युरोपातल्या थंड देशांत तो घरे गरम करणाऱ्या हीट पंपांच्या निमित्ताने पेटला आहे. आपल्याकडे बर्फ, शीतगृहे आणि एसी यांच्या निमित्ताने त्याचा निकाल लागणार आहे. निकालाची वर्षे हीच आहेत, म्हणून हा आढावा.

यंत्राची रीत आधी पाहू. पंप विहिरीतले पाणी वर चढवतो, तशी हे यंत्र उष्णता थंड जागेतून गरम जागेत चढवते. कमी दाबाखाली शीतक द्रव थंड ठिकाणी उकळतो आणि उकळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. मग कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, ती तापते आणि कंडेन्सरमध्ये आपली उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. ज्याला थंडीची गरज आहे तो पहिले टोक वापरतो आणि त्याला फ्रिज, एसी किंवा बर्फाचा कारखाना म्हणतो. ज्याला उबेची गरज आहे तो दुसरे टोक वापरतो आणि त्याला हीट पंप म्हणतो. या फेऱ्यात वायू खर्च होत नाही. ‘एसीतला गॅस संपला’ असे आपण सर्रास म्हणतो, पण तो संपलेला नसतो, गळून हवेत गेलेला असतो. या विषयाची सगळी गुंतागुंत त्या गळतीत आहे.

जर्मन अभियंता कार्ल फॉन लिंडे याने १८७०च्या दशकात अमोनियावर चालणारे शीतयंत्र यशस्वी केले आणि बर्फ कारखान्यात तयार होऊ लागला. त्याआधी मुंबईकरांसाठी बर्फ अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतून कापून जहाजाने येत असे. अमोनियाला उग्र वास, तो विषारी, म्हणून घरात नकोसा. १९२८नंतर अमेरिकेत टॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरीन-फ्लोरीनयुक्त वायू शोधले. वास नाही, विष नाही, पेट घेत नाहीत. घरोघरी फ्रिज शिरला तो यांच्याच जोरावर. पुढे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी हेच वायू ओझोनचा थर खातात हे दाखवले, १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. त्यांच्या जागी आलेला आर-२२ ओझोनला कमी अपायकारक होता, पण अपाय होताच. त्याच्याही जागी आलेले हायड्रोफ्लोरोकार्बन, म्हणजे एचएफसी, ओझोनला धक्का लावत नाहीत. ते पृथ्वी मात्र तापवतात.

किती तापवतात हे बोटीच्या भाषेत सांगतो. एक किलो वायू हवेत गेल्यावर शंभर वर्षांत जितका ताप वाढवतो, त्याची तुलना एक किलो कार्बन डायऑक्साइडशी करतात. शीतगृहांत आणि थंड पेट्यांच्या ट्रकमध्ये वापरला जाणारा आर-४०४ए हा त्या मापाने ३९२२ पट आहे. एक लिटर डिझेल जाळले की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे आर-४०४ए चा एक किलो गळणे हे जवळपास साडेचौदाशे लिटर डिझेल जाळण्याच्या बरोबरीचे आहे. जुन्या स्प्लिट एसीतला आर-४१०ए २०८८ पट, म्हणजे पावणेआठशे लिटर. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक एसींमधला आर-३२ हा ६७५ पट, म्हणजे अडीचशे लिटर. प्रोपेन तीनपट किंवा त्याहून कमी, म्हणजे जेमतेम लिटरभर. कार्बन डायऑक्साइड अर्थातच एक. अमोनियाचा आकडा शून्य.

आता थंड देशांकडे वळू, कारण या वायूंची खरी परीक्षा तिथे चालली आहे. नॉर्वेत साधारण साठ टक्के इमारतींत हीट पंप आहेत, स्वीडन आणि फिनलंडमध्ये चाळीस टक्क्यांच्या वर. बाहेर उणे पंधरा अंश असताना त्या हवेतून उष्णता ओढायची, तर नळीतला शीतक उणे वीस-पंचवीस अंशांना उकळला पाहिजे. इथे वायूचा मूळ स्वभाव आड येतो किंवा कामी येतो. गाडीच्या एसीत वर्षानुवर्षे असलेला आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो. नळीतला शीतक याहून थंड झाला की दाब हवेच्या दाबाखाली जातो, बारीकशा फटीतून बाहेरची हवा आणि दमटपणा आत शिरतात आणि यंत्र हळूहळू बिघडते. अमोनिया उणे ३३ला उकळतो, प्रोपेन उणे ४२ला. म्हणून हाडे गोठवणाऱ्या थंडीतही प्रोपेनचा दाब टिकून राहतो. शिवाय दाबल्यावर तो आर-३२ इतका भयंकर तापत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसरच्या तेलावर ताण कमी पडतो. जुन्या घरांतल्या लोखंडी रेडिएटरला हवे असलेले सत्तर-पंचाहत्तर अंशांचे पाणी प्रोपेनचे यंत्र देऊ शकते. हीट पंप थंड प्रदेशात चालतच नाही, हा समज या यंत्रांनी मोडला. उणे दहाला कार्यक्षमता घटते हे खरे, तरीही एका युनिट विजेला दोन ते तीन युनिट उष्णता मिळते. विजेच्या साध्या हीटरला एकाला एकच मिळते.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये नवा कायदा करून एचएफसी २०५० पर्यंत पूर्ण बंद करायचे ठरवले. बाहेर ठेवायच्या लहान एकसंध हीट पंपांत २०२७ पासून १५० पटींपेक्षा जास्त तापवणारा वायू चालणार नाही आणि २०३२ पासून फ्लोरीनयुक्त वायूच चालणार नाहीत. जर्मनी नैसर्गिक शीतक असलेल्या हीट पंपाला पाच टक्के जादा अनुदान देते. तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे घराची हीटिंग बदलताना आज हाच प्रश्न सोडवत आहेत.

मोठ्या यंत्रांची गोष्ट याहून उद्बोधक आहे. नॉर्वेतल्या ड्रामेन शहरात फ्योर्डच्या खोल भागातले आठ-नऊ अंशांचे पाणी ओढून त्यातल्या उष्णतेवर शहराला ९० अंशांचे पाणी पुरवले जाते. २०११च्या सुमारास सुरू झालेली ही सुमारे चौदा मेगावॉटची यंत्रणा अमोनियावर चालते आणि ती ग्लासगोच्या कंपनीने बांधली. डेन्मार्कमधले एस्बियर्ग हे तर मासेमारीतून वाढलेले बंदर. तिथले कोळशावरचे वीजकेंद्र २०२४ मध्ये बंद झाले. त्याच्या उष्णतेची जागा घेण्यासाठी समुद्राच्या पाण्यावर चालणारे सुमारे सत्तर मेगावॉटचे हीट पंप बसवले गेले, त्यांत शीतक आहे कार्बन डायऑक्साइड. समुद्रकाठ, मासळी, कोळशाचे वीजकेंद्र हे वर्णन डहाणूलाही लागू पडते. इथले ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र १९९५ पासून मुंबईला वीज देते आणि वापरलेली उष्णता खाडीत सोडते. डहाणूला घरे तापवायची नाहीत. पण उष्णतेला टाकाऊ न मानण्याची सवय आपण त्यांच्याकडून घ्यायला हवी.

ती कशी, ते पुढे येईलच. आधी एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. ज्या वायूकडे युरोप मोठ्या खर्चाने परत वळतो आहे, तो आपल्या किनाऱ्यावरून कधी गेलाच नव्हता. बर्फाची लादी बनवणारे जुने कारखाने आजही अमोनियावरच चालतात. मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, तिच्यात उभे केलेले पत्र्याचे डबे, टाकीतून गेलेल्या अमोनियाच्या लोखंडी नळ्या, आणि उणे आठ-दहा अंशांच्या त्या खाऱ्या पाण्यात चोवीस तास किंवा त्याहून जास्त वेळ उभे राहून गोठणारे गोडे पाणी. हे तंत्र जुने दिसते म्हणून ते मागासलेले ठरवण्याची घाई करू नये. अमोनिया स्वस्त आहे, उष्णता वाहून नेण्यात तो बहुतेक कृत्रिम वायूंच्या पुढे आहे, आणि गळला तर हवामानाचे काही बिघडवत नाही.

माणसाचे मात्र बिघडवतो. हवेत दहा लाखांत पाच भागांइतका झाला की नाकाला कळतो, तीनशेच्या घरात गेला की जीवाला धोका. एरवी हवेपेक्षा हलका असलेला हा वायू, द्रवरूपात फुटून बाहेर पडला की दमट हवेत गार धुके होऊन जमिनीलगत सरकतो. किनाऱ्यावरची हवा तर बारमाही दमट. कारखान्यांच्या भोवती वस्ती दाटत गेली आहे, नळ्या खाऱ्या वाऱ्यात गंजतात, आणि पाळीवर असतात रोजंदारीचे कामगार. अमोनिया पाण्यात भरभर विरघळतो, म्हणून पाण्याचा फवारा, ओले फडके आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडणे हे प्राथमिक बचाव आहेत. प्रत्येक कारखान्यात गळती ओळखणारे यंत्र, दोन श्वसन-मुखवटे आणि वर्षातून एकदा नळ्यांच्या जाडीची तपासणी हवीच. अमोनिया तांब्याला खातो, त्यामुळे नळ्या पोलादाच्या लागतात आणि घरगुती यंत्रांत तो बसत नाही. नव्या यंत्रांत त्याचे प्रमाण बरेच कमी करता येते, कारण जुन्या जाड नळ्यांऐवजी पातळ पत्र्यांचे उष्णता-विनिमयक वापरतात. कारखाना दुरुस्तीला काढायचा झाला, तर अमोनिया टाकून आर-४०४ए बसवण्यापेक्षा अमोनियाच थोडा आणि सुरक्षित ठेवण्यात पैसा घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

लहान यंत्रांचा प्रश्न वेगळा आहे. आइसक्रीमच्या दुकानातला डीप फ्रीझर, मासळी विकणाऱ्या बाईची थंड पेटी, घरचा एसी यांत अमोनिया येणार नाही. इथे आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांची जागा आहे. १९९२-९३ मध्ये ग्रीनपीसने पूर्व जर्मनीतल्या एका बुडत्या कारखान्याला हाताशी धरून हायड्रोकार्बनवरचा फ्रिज बाजारात आणला. आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या घरगुती फ्रिजमागे आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, असे छापलेले सापडेल. विक्रोळीच्या गोदरेजने २०१२ मध्ये प्रोपेनवरचा स्प्लिट एसी भारतात विकायला काढला, त्या काळी जगातही असे करणारे फार थोडे होते. त्याच्यात वायू लागतो साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. तरीही बाजार आर-३२ कडे गेला, कारण प्रोपेन पेट घेतो आणि दुरुस्ती करणाऱ्याची खात्री कंपन्यांना वाटत नव्हती. आता आंतरराष्ट्रीय मानकेही सैलावली आहेत. दुकानांतल्या थंड कपाटांत हायड्रोकार्बनची मर्यादा २०१९ मध्ये १५० वरून ५०० ग्रॅमपर्यंत गेली आणि सुरक्षेच्या जादा अटी पाळल्या तर एसीत जवळपास एक किलोपर्यंत प्रोपेनला २०२२ मध्ये वाव मिळाला.

खात्रीचा मुद्दा मात्र खरा आहे. वाणगाव किंवा बोईसरला दुकान टाकून बसलेला मेकॅनिक दिवसाला चार-पाच यंत्रे पाहतो. वायू परत गोळा करण्याचे यंत्र त्याच्याकडे बहुधा नसते, त्यामुळे उरलेला वायू तो हवेत सोडतो आणि नवा भरतो. गळती शोधायला वेळ जातो आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, म्हणून नुसते ‘टॉप-अप’ होते आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच. आर-२२ च्या जुन्या एसीत स्वस्तातला ज्वलनशील वायू भरून देण्याचा प्रकार तर जिवावर बेतणारा आहे, कारण त्या यंत्राची बटणे आणि तारा त्यासाठी बनवलेल्याच नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय कूलिंग कृती आराखड्याने २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे लक्ष्य ठेवले होते. डहाणू-तलासरीसारख्या आदिवासी तालुक्यांतल्या आयटीआयमधल्या मुलांपर्यंत हे शिक्षण मराठीतून आणि प्रोपेनच्या खऱ्या यंत्रावर पोचले, तर इथे नोकरी आणि हवामान दोन्ही साधतील. या सगळ्या विषयात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट.

कार्बन डायऑक्साइडची अडचण मराठी वाचकाला समजायला अगदी सोपी आहे. ३१ अंशांच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही. एस्बियर्गच्या गार पाण्याला हे चालते. जपानने तर २००१ पासून याच गुणावर नळाचे पाणी ९० अंशांपर्यंत तापवणारी लाखो यंत्रे विकली, कारण गार पाणी एका दमात कढत करायला हा वायू अप्रतिम आहे. डहाणूला मात्र एप्रिल ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपार ३१ अंशांच्या पुढेच असते, मे महिन्यात समुद्रही तिशीला टेकतो. अशा हवेत कार्बन डायऑक्साइडचे यंत्र चालते, पण वीज जास्त खाते. त्यावर उपाय शोधण्यासाठी नॉर्वेच्या संशोधन संस्था आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून चेन्नईत चाचणी-यंत्रणा उभारली आणि इजेक्टर नावाच्या साध्या भागाने वाया जाणारा दाब परत कामाला लावण्याचे प्रयोग केले. नॉर्वेच्या गुस्ताव लोरेंट्झेन यांनी १९८०च्या दशकाअखेर ज्या विस्मृतीत गेलेल्या वायूला पुन्हा उभे केले, त्याची उष्ण कटिबंधातली परीक्षा आता आपल्या हवेत होते आहे.

रासायनिक कंपन्यांनी पुढे केलेला चौथा मार्ग हायड्रोफ्लोरोओलेफिन, म्हणजे एचएफओ, यांचा. तापवण्याची क्षमता नाममात्र, पण हवेत फुटल्यावर त्यातल्या काहींचे ट्रायफ्लोरोअॅसेटिक आम्ल होते, पावसाबरोबर खाली येते आणि निसर्गात जवळजवळ मोडत नाही. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांनी २०२३ मध्ये अशा चिवट रसायनांवर सरसकट बंदीचा प्रस्ताव दिला तो यामुळेच. तारापूरच्या रासायनिक वसाहतीचे पाणी पाहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही.

आता यंत्राच्या दुसऱ्या, गरम टोकाकडे येऊ. तीस अंशांच्या एक टन पाण्याचा बर्फ करताना सुमारे १३० युनिट उष्णता काढावी लागते. कॉम्प्रेसरला ४५ युनिट वीज लागली असे धरले, तर कंडेन्सरमधून बाहेर पडते पावणेदोनशे युनिट. ती आज पाण्याच्या फवाऱ्याबरोबर हवेत जाते. त्याच किनाऱ्यावर शंभर किलो ओले बोंबील सुकवायला त्यांतले साधारण ८५ किलो पाणी उडवावे लागते, त्याला ५५-६० युनिट उष्णता पुरते. कागदावर एक टन बर्फाच्या टाकाऊ उष्णतेत तीनशे किलो बोंबील वाळतील. निम्मी उष्णता वाया गेली तरी दीडशे किलो वाळतील. कंडेन्सर चाळिशीचाच असतो, ही उणीव वाटेल, पण मासळीला तेच हवे, कारण ४५ अंशांच्या पुढे ती वाळण्याऐवजी शिजू लागते. २८ अंशांची, ऐंशी टक्के आर्द्रतेची हवा ४० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता चाळीस टक्क्यांवर येते आणि ती पाणी ओढू लागते. नॉर्वेत खारवलेला कॉड वाळवण्यासाठी हीट पंप कित्येक दशके वापरात आहेत. तिथे थंडी आणि दमटपणा होता, आपल्याकडे ढग आणि दमटपणा आहे. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या चकत्या आणि पावडर करणाऱ्या बचत गटांनाही असे बंदिस्त वाळवणघर उपयोगी पडेल. धूळ नाही, माशा नाहीत, पावसाची भीती नाही. मात्र एका कारखान्याजवळ ऑक्टोबरच्या हंगामात प्रत्यक्ष चालवून किलोमागे खर्च काढल्याशिवाय कोणत्याही संस्थेने कर्ज काढू नये. ऊन फुकट आहे, आणि त्याच्याशी स्पर्धा फक्त ढगाळ दिवसांतच जिंकता येईल.

या सगळ्याला घाई आहे ती दोन कारणांनी. पहिले कारण वाढवण बंदर. केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली, आणि द्रुतगती मार्गाला जोडणारा सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता वरोरहून तव्याकडे आखला आहे. इथल्या मच्छीमारांचा बंदराला विरोध आहे आणि आपली मासेमारीची जागा जाणार ही त्यांची भीती रास्त आहे. शिवाय १९९१ पासून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. बंदर झाले तर त्याच्यासोबत शीत कंटेनर, गोदामे आणि शेकडो टन शीतक वायू येईल. कार्बन डायऑक्साइडवर चालणारे शीत कंटेनर बाजारात दहा वर्षांहून जास्त काळ आहेत आणि गोदामांना अमोनिया चालतो. तालुक्यासाठी १९९६ मध्ये नेमलेल्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणासारख्या यंत्रणेपुढे परवानगीच्या अटींत शीतक वायूचे नाव कधी आलेच नाही, तर तिथे जे स्वस्त असेल तेच बसेल.

दुसरे कारण किगाली करार. मॉन्ट्रियल करारात २०१६ मध्ये रवांडात झालेल्या या दुरुस्तीला भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये मान्यता दिली. आपला एचएफसीचा आधारभूत वापर २०२४ ते २०२६ या वर्षांवरून मोजला जाईल, २०२८ ला तो गोठेल, २०३२ पासून दहा टक्क्यांनी उतरू लागेल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के खाली यायचा आहे. आज घेतलेले शीतगृहाचे यंत्र वीस वर्षे चालते. आर-४०४ए भरून घेतले, तर त्याच्या उमेदीच्या वर्षांतच वायू महाग आणि दुर्मीळ होईल. आर-२२ च्या यंत्रांवर ही वेळ येऊ घातलीच आहे.

मच्छीमार सहकारी संस्थांना बर्फाचे कारखाने, शीतगृहे आणि थंड वाहने यांसाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून अनुदान मिळते, सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. त्या प्रस्तावात यंत्राची क्षमता, जागा, दरपत्रक सगळे मागतात. त्यात आणखी तीन रकाने असावेत: वायू कोणता, तो किती किलो, आणि गळती झाली तर दुरुस्तीला कोण येणार. वरोरच्या संस्थेने हे तीन प्रश्न सरकारने विचारण्याची वाट न पाहता पुढच्या दरपत्रकावर स्वतःच विचारावेत. अमोनिया किंवा हायड्रोकार्बनचे उत्तर देणाऱ्या पुरवठादाराला आधी बसवावे, आणि बाकीच्यांकडून २०३२ साली त्यांचा वायू काय भावाने मिळेल हे लेखी घ्यावे.